ऑटोमॅटिक ते मॅन्युअल: जुन्या मर्सिडीजचा गिअरबॉक्स कोकणात राहून बदलताना

आमच्या घरी १९८२ सालची मर्सिडीज २४० डी आहे. मामांनी ती मुंबईत वर्षानुवर्षे वापरली आणि वयोमानामुळे गाडी चालवणे थांबवल्यावर रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी पाठवून दिली. जाणकार जिला डब्ल्यू १२३ म्हणतात त्या मालिकेतली ही गाडी. इंजिन २.४ लिटरचे, डिझेलवर चालणारे, ताकद जेमतेम ७२ अश्वशक्ती आणि त्यातच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मुंबईच्या सपाट रस्त्यांवर हे जमून जाते. आंबा घाटात मात्र मागून येणारी एसटी आम्हाला मागे टाकून पुढे जात असे, आणि पुढे गिअर बदलताना गिअरबॉक्स घसरू लागला, म्हणजे इंजिन फिरे पण जोर चाकांपर्यंत पोहोचेना, तेव्हा त्या गिअरबॉक्सला हात लावायला रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंत कोणी तयार होईना. शेवटी तो काढून त्याच मालिकेतला चार गतींचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचे ठरवले.

या कामाला अकरा महिने लागले. त्यांपैकी गाडीखाली प्रत्यक्ष काम चालले ते फक्त नऊ दिवस. बाकीचा सगळा काळ, आपल्याला लागतील हेच ज्यांच्याविषयी माहीत नव्हते अशा सुट्या भागांची वाट पाहण्यात गेला. गिअरबॉक्स मिळवणे हा या कामातला सोपा भाग आहे. काम अडते ते दोन पेडल, एक रबरी नळी, प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) पुढचा अर्धा तुकडा अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर. पुढचे मार्गदर्शन २४० डी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. तुमची गाडी वेगळी असेल तर मापे बदलतील, पण कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

## १. बदल खरोखर हवा आहे का, हे आधी ठरवा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुरळीत चालत असेल तर तो काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गिअर उशिरा किंवा धक्क्याने बदलत असतील, तर बिघाड गिअरबॉक्समध्येच असेल असे नाही. त्या काळच्या मर्सिडीज डिझेलमध्ये गिअर कधी आणि किती मऊपणे बदलावा हे ठरवण्यासाठी इंजिनाकडून व्हॅक्यूमची एक बारीक नळी मॉड्युलेटरपर्यंत आलेली असते. ती नळी चिरली किंवा तिचा रबरी सांधा कडक झाला, तरी गिअर धक्के देऊ लागतात. खाऱ्या आणि दमट हवेत हे सांधे लवकर जातात. म्हणून सर्वांत आधी ऑइलची पातळी, ऑइलचा रंग आणि या नळ्या तपासाव्यात. ऑइल काळे झाले आहे, त्याला जळका वास येतो आहे आणि गाडी गिअरमध्ये असूनही इंजिन नुसतेच ओरडते आहे, अशा तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच पुढच्या पायरीकडे वळावे.

## २. कागदपत्रे: काम सुरू करण्यापूर्वी, नंतर नव्हे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ गाडीत करायच्या बदलांविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमावर निकाल देताना उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही, असे स्पष्ट केले. आपल्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट अशी की हेच मॉडेल कारखान्यातून मॅन्युअल गिअरबॉक्ससहही विकले जात होते, शिवाय इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक यांना धक्का लागत नाही. तरीही स्वतःच अर्थ लावून मोकळे होऊ नका. आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तर लेखीच मागा. खिडकीवर तोंडी मिळालेल्या "चालतंय हो" या उत्तराला पुढे फेरतपासणीच्या वेळी काहीही किंमत नसते. खासगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी गाडी तपासणीसाठी उभी करावी लागते, हेही लक्षात ठेवा.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:

- नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याच्या नूतनीकरणाची नोंद
- चालू विमा पॉलिसी आणि बदलाविषयी विमा कंपनीला दिलेल्या पत्राची पोच
- वायुप्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि पर्यावरण कर भरल्याची पावती
- चॅसीवरच्या पट्टीचा आणि इंजिन क्रमांकाचा स्पष्ट फोटो
- ज्या गाडीतून भाग काढले तिच्या भंगार विक्रीची पावती, म्हणजे चोरीच्या मालाचा प्रश्न उद्भवणार नाही
- मॉडेल मॅन्युअल गिअरबॉक्ससह उपलब्ध होते हे दाखवणारे मालकाच्या पुस्तिकेतील पान

आणखी एक गोष्ट पुढच्या विचाराने सांगतो. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना ते लागू होतात. डब्ल्यू १२३ मालिकेचे उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले, म्हणजे या गाड्या आता त्या उंबरठ्यावर येत आहेत. म्हणून काढलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा, ऑइलवर चालणारा भाग), जुने पेडल आणि वायरिंगचे तुकडे भंगारात देऊ नका. सगळे ऑइल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठ्या बांधून माळ्यावर ठेवा. गाडी कायमची बदलेल अशी कापाकापी किंवा वेल्डिंग करू नये, हेही याच कारणासाठी.

## ३. सुटे भाग: सगळे एकाच गाडीतून

माझी पहिली आणि सर्वांत महाग चूक येथे झाली. मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला जुन्या भागांच्या बाजारात फिरताना मला चांगल्या स्थितीतला चार गतींचा गिअरबॉक्स दिसला आणि मी तेवढाच घेऊन आलो. मग क्लचचे पेडल शोधताना चार महिने गेले. एका दुकानदाराने पाठवलेला पेडलचा सांगाडा डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीचा निघाला, आणि तो परत घ्यायला त्याने साफ नकार दिला. इंटरनेटवर या कामाचे जे व्हिडिओ दिसतात त्यांतले बहुतेक अमेरिकेतले, म्हणजे डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे असतात. गिअरबॉक्स आणि क्लचपुरती ती माहिती आपल्याला लागू पडते. पेडल, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) आणि त्याच्या नळीची वाट यांना ती लागू पडत नाही.

म्हणून शक्य असेल तर मॅन्युअल गिअरबॉक्सची, उजव्या स्टिअरिंगची, भंगारात निघालेली अख्खी गाडी शोधा आणि भाग स्वतः उभे राहून काढून घ्या. गिअरबॉक्स इंजिनापासून सुटताना पाहिला की तो परत कसा बसतो हे निम्मे समजते. तिच्यातून हे घ्यायचे:

- गिअरबॉक्स, बेल हाउसिंग (इंजिन व गिअरबॉक्स यांमधले कवच), रिलीज बेअरिंगचा (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) फोर्क आणि इंजिनाला बसणारे सर्व बोल्ट (लांबी वेगवेगळी असते, म्हणून जागेनुसार पिशव्या करा)
- फ्लायव्हील (इंजिनामागे फिरणारी जड चकती) आणि त्याचे बोल्ट नमुन्यासाठी
- ब्रेक व क्लच या दोन्ही पेडलचा संपूर्ण सांगाडा, स्प्रिंगसह
- क्लचचा मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर (त्याच्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) आणि त्यांमधली नळी
- क्लचसाठी वेगळी तोटी असलेली ब्रेक ऑइलची टाकी
- प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा भाग
- गिअरबॉक्सखालचा आडवा आधार आणि रबर माउंटिंग
- गिअर लिव्हर, त्याचे दांडे, रबरी आवरण
- रिव्हर्स दिव्याचा स्विच त्याच्या वायरच्या तुकड्यासह, आणि स्पीडोमीटरची केबल

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागचे ऑइल सील, फ्लायव्हीलचे बोल्ट आणि प्रॉपेलर शाफ्टच्या रबरी डिस्क या गोष्टी मात्र नव्याच घ्याव्यात. जुन्या गाडीतले जुने ऑइल सील "बरे दिसते आहे" म्हणून ठेवले, तर सहा महिन्यांनी त्यासाठी सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

चार गतींचा घ्यावा की पाच गतींचा, असे मला अनेक जण विचारतात. पाच गतींचा मिळाला तर चौपदरी महामार्गावर इंजिन शांत राहते, हे खरे. पण तो दुर्मीळ आहे, महाग आहे, आणि कोकणातल्या वळणांच्या रस्त्यांवर पाचवा गिअर पडतो कितीदा? माझे तरी चारांत भागते. दोन्हींपैकी कोणताही घेतला तरी २४० डी मधला ३.६९ गुणोत्तराचा मागचा डिफरन्शिअल (मागच्या दोन्ही चाकांना गती वाटून देणारा भाग) तसाच ठेवता येतो आणि त्यामुळे स्पीडोमीटरचे आकडेही बिघडत नाहीत.

आपल्याकडे एक सोय अशी आहे जिचा फायदा बाहेरच्या लोकांना मिळत नाही. या गाडीतले ओएम ६१६ इंजिन पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, परवाना घेऊन भारतात बनवले आणि ट्रॅक्स व ट्रॅव्हलरमध्ये बसवले. कोकणात ज्यांनी वर्षानुवर्षे ट्रॅक्स दुरुस्त केल्या आहेत अशा मेकॅनिकला या इंजिनाची ओळख आधीपासून असते. माझे काम ज्यांनी केले त्या मिस्त्रींनी मर्सिडीजचे बॉनेट पहिल्यांदाच उघडले होते, पण इंजिन पाहताच "हे तर आपल्या ट्रॅक्सचंच" म्हणून ते हसले. मात्र ओळखीचे इंजिन म्हणून ट्रॅक्सचे फ्लायव्हील किंवा क्लच प्लेट डोळे मिटून बसवू नका. प्लेटचा व्यास, मधल्या दात्यांची संख्या आणि फ्लायव्हीलची जाडी मोजून जुळली तरच वापरा.

## ४. जागा, हंगाम आणि अवजारे

काम नोव्हेंबर ते मार्च या काळात करावे. पावसाळ्यात उघडे केलेले फ्लायव्हील एका रात्रीत तांबूस होते आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या गडबडीत मदतीला माणूस मिळत नाही, तोही एक व्यावहारिक मुद्दा आहे.

गाडी चारही बाजूंनी किमान दीड-दोन फूट उचलावी लागते. येथे एक इशारा कळकळीने देतो. अंगणात पडलेले जांभ्याचे चिरे गाडीखाली आधाराला लावू नका. चिरा भिंतीत पसरलेले वजन पेलतो. जॅकसारख्या एका बिंदूवर भार आला, की तो आवाज न करता फुटतो आणि सरकतो. लोखंडी स्टँडच वापरावेत, तेही सिमेंटच्या कोब्यावर. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या खळ्यात काम करायचेच असेल, तर स्टँडखाली जाड लोखंडी पत्रे टाकावेत.

लागणारी अवजारे: चार मजबूत स्टँड, गिअरबॉक्स उतरवण्याचा जॅक, टॉर्क रेंच आणि अंश मोजण्याची चकती, १४ मि.मी.ची ऍलन की, बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टांसाठी हातभर लांबीचे एक्स्टेन्शन, क्लच प्लेट मध्यावर आणण्याचा दांडा, प्रॉपेलर शाफ्टच्या मधल्या नटसाठी मोठ्या मापाचे दोन पाने, पारदर्शक रबरी नळी, आणि रंगाची बाटली. शेवटची गोष्ट खुणा करण्यासाठी आहे आणि ती सर्वांत जास्त उपयोगी पडते. गंजलेल्या बोल्टांवर दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारे तेल मारत राहा, विशेषतः तुमचे घर समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडावर असेल तर.

## ५. जुना गिअरबॉक्स उतरवणे

प्रथम बॅटरीची वायर सोडवा. मग गिअरबॉक्सचे ऑइल काढा. टॉर्क कन्व्हर्टरला स्वतंत्र बूच असते. इंजिन हाताने फिरवून ते बूच खाली आणावे आणि तेही रिकामे करावे, नाहीतर पुढे उरलेले ऑइल अंगावर येते. हे ऑइल व्हाळात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

त्यानंतर एक्झॉस्टचा गिअरबॉक्सजवळचा आधार, प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, गिअर लिव्हरचा दांडा, थ्रॉटलकडून येणारा दांडा किंवा केबल, किक-डाऊनची (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर घेण्याची) वायर, मॉड्युलेटरची व्हॅक्यूम नळी आणि रेडिएटरकडे जाणारे ऑइलचे दोन पाइप या क्रमाने सोडवा. प्रत्येक वस्तू सोडवण्यापूर्वी फोटो काढा. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर आणि डिफरन्शिअलच्या फ्लँजवर रंगाने रेघ ओढा.

कन्व्हर्टर फ्लेक्स प्लेटला (ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ प्लेटला) ज्या बोल्टांनी धरलेला असतो ते एकेक करून खालच्या खिडकीतून सोडवावे लागतात. ते न सोडवता गिअरबॉक्स ओढला तर कन्व्हर्टर इंजिनालाच लटकून राहतो. गिअरबॉक्स व कन्व्हर्टर मिळून वजन भरपूर होते. दोन माणसे आणि जॅक असल्याशिवाय शेवटचे बोल्ट काढू नका.

आता फ्लेक्स प्लेट दिसेल. ती सोडवण्यापूर्वी प्लेट आणि क्रँक यांच्यावर एकमेकांसमोर पक्की खूण करा. पुढची पायरी याच खुणेवर अवलंबून आहे.

## ६. फ्लायव्हील: येथे घाई करणाऱ्याला क्षमा नाही

बहुतेक लोक फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घेतात आणि सरळ बसवतात. मग गाडी सुरू होताच सबंध केबिन थरथरू लागते आणि दोष इंजिन माउंटिंगला दिला जातो. खरे कारण वेगळे असते. या इंजिनांत क्रँक आणि त्याच्या मागची प्लेट यांचे संतुलन कारखान्यात एकत्र साधलेले असते, म्हणजे तुमच्या फ्लेक्स प्लेटमध्ये असलेला थोडासा असमतोल तुमच्या क्रँकला जुळवून मुद्दाम ठेवलेला असतो. दुसऱ्या गाडीचे फ्लायव्हील त्या दुसऱ्या क्रँकला जुळलेले असते. ते नुसतेच शून्यावर संतुलित करून आणले तरी तुमच्या क्रँकसाठी ते चुकीचेच ठरते.

उपाय असा: जुनी फ्लेक्स प्लेट आणि फ्लायव्हील दोन्ही घेऊन डायनॅमिक बॅलन्सिंगची सोय असलेल्या वर्कशॉपमध्ये जावे. आधी फ्लेक्स प्लेट यंत्रावर चढवून तिचा असमतोल किती आणि खुणेपासून कोणत्या अंशावर आहे हे लिहून घ्यावे, मग फ्लायव्हीलमध्ये त्याच ठिकाणी तेवढाच असमतोल भोके पाडून आणावा, आणि क्रँकशी जुळणारी खूण फ्लायव्हीलवर उतरवावी. मला यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जावे लागले. तेथे ओतकाम आणि यंत्रकाम करणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, आणि काय हवे ते नीट समजावून सांगितल्यावर काम एका दिवसात झाले. "फक्त बॅलन्स करून द्या" असे सांगाल तर ते शून्यावर आणून देतील. चूक त्यांची नसेल.

फेसिंग बॅलन्सिंगच्या आधी करून घ्यावे. परतीच्या प्रवासात फ्लायव्हीलला ऑइल लावून कागदात गुंडाळावे, कारण घाट उतरला की हवा बदलते.

बसवताना क्रँकच्या टोकाच्या खोबणीत पायलट बेअरिंग विसरू नका. ऑटोमॅटिक गाडीत ते नसते, म्हणून ते यादीतून हमखास सुटते. ऑइल सीलही आत्ताच बदलावे. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून बसणाऱ्या प्रकारचे आहेत, म्हणजे आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंशांची फिरकी अशा दोन टप्प्यांत आवळायचे असतात. आकडे तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. मिस्त्रींच्या मनगटाचा अंदाज कितीही चांगला असला, तरी येथे त्यावर विसंबू नये.

## ७. पेडल आणि क्लचचे हायड्रॉलिक्स

हे काम गाडीच्या आत, स्टिअरिंगखाली उताणे पडून करायचे असते आणि सगळ्यांत कंटाळवाणे तेच आहे. ब्रेकचे रुंद पेडल असलेला जुना सांगाडा काढून दोन पेडलांचा सांगाडा बसवावा. आमच्या गाडीत क्लचच्या मास्टर सिलिंडरची जागा पुढच्या पत्र्यावर रबरी बुचाने बंद केलेली होती, त्यामुळे नवे भोक पाडावे लागले नाही. भोक पाडायला ड्रिल हातात घेण्यापूर्वी तुमच्या गाडीतही गालिचा आणि त्याखालचे जाड आवरण उचलून नीट पाहा.

क्लचला वेगळी टाकी नसते. ब्रेक ऑइलच्या टाकीलाच बाजूला एक तोटी असते आणि तिच्यातून क्लचच्या मास्टर सिलिंडरला ऑइल जाते. तोटी थोडी वर असल्यामुळे क्लचची नळी गळली तरी टाकीत ब्रेकपुरते ऑइल शिल्लक राहते. ऑटोमॅटिक गाडीच्या टाकीला अशी तोटी नसेल, तर टाकीच बदलावी. प्लास्टिकला भोक पाडून एम-सीलने तोटी चिकटवण्याचा सल्ला मला दोघांनी दिला. ही ब्रेकची टाकी आहे, एवढेच उत्तर मी दोघांना दिले.

मास्टरपासून स्लेव्हपर्यंतची धातूची नळी नव्याने करून घ्यावी, आणि ती साध्या लोखंडाची असेल तर बसवण्यापूर्वी तिला गंजरोधक रंग द्यावा. खाऱ्या वाऱ्याने अशा नळ्या आतून नव्हे, पट्ट्यांखालून खाल्ल्या जातात.

## ८. क्लच, गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्ट

क्लच प्लेट दांड्याने मध्यावर आणून प्रेशर प्लेट आडव्या-तिडव्या क्रमाने थोडीथोडी आवळा. प्लेटच्या दात्यांना बोटभर नव्हे, नखभर ग्रीस लावा. जास्त ग्रीस उडून प्लेटवर जाते. गिअरबॉक्स चढवताना तो स्वतःच्या वजनाने क्लच प्लेटच्या मध्यावर लटकू देऊ नका, प्लेट वाकते. जॅक बारीक वर-खाली करत, मागच्या फ्लँजला किंचित फिरवत राहिले की तो आपोआप सरकतो. बोल्टांनी ओढून बसवण्याचा मोह झाला तर थांबा, कोठेतरी रेष चुकली आहे असे समजा.

स्लेव्ह सिलिंडरमागे प्लास्टिकची खाचवाली चकती असते. ती फालतू वॉशर समजून फेकली जाते. क्लच किती झिजला हे गिअरबॉक्स न उतरवता मोजण्यासाठी ती असते, म्हणून जागेवरच ठेवा.

प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा भाग ऑटोमॅटिकच्या आणि मॅन्युअलच्या गाडीत वेगळ्या लांबीचा असतो. जुना शाफ्ट कापून, वेल्ड करून पुरवण्याची तयारी अनेक जण दाखवतात. नको. दोन्ही तुकडे जोडल्यावर मधला मोठा नट गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढे-मागे ढकलल्यावरच शेवटचा आवळावा, म्हणजे रबरी डिस्कवर ताण राहत नाही.

## ९. वायरिंग आणि व्हॅक्यूम

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, जो गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरू देत नाही. तो स्विच गेला की स्टार्टर मुका होतो. त्या दोन वायर नुसत्या जोडल्या तरी गाडी सुरू होते, पण मग ती गिअरमध्ये असतानाही सुरू होते आणि पुढे झेप घेते. आमच्या उतरत्या पाखाडीवर उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत हा धोका मला स्वीकारायचा नव्हता, म्हणून त्या वायर क्लच पेडलजवळच्या स्विचमधून नेल्या. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. रिव्हर्स दिव्याच्या वायर नव्या गिअरबॉक्सवरच्या स्विचला जोडाव्यात. किक-डाऊनची वायर टोक झाकून बांधून ठेवावी.

व्हॅक्यूमकडे दुर्लक्ष करणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी फसतो. या डिझेल इंजिनाचा व्हॅक्यूम पंप ब्रेकला मदत करतो, दारांची कुलुपे चालवतो आणि चावी फिरवल्यावर इंजिन बंदही करतो. मॉड्युलेटरकडे जाणारी नळी उघडी राहिली तर सगळी यंत्रणा गळते, आणि चावी हातात घेऊन तुम्ही उभे असता, इंजिन मात्र सुरूच. माझ्याबाबतीत हेच झाले. इंजिनावर हाताने बंद करण्याचा लिव्हर असतो, तो कोठे आहे हे आधीच पाहून ठेवा. त्या नळीच्या फाट्याला घट्ट रबरी बूच बसवले की प्रश्न मिटतो.

रेडिएटरला असलेली ऑइल थंड करण्याची दोन तोंडे स्वच्छ करून टोप्या लावून बंद करावीत.

## १०. ऑइल भरणे आणि एअर काढणे

या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचे जाड गिअर ऑइल घालायचे नसते. त्यात ऑटोमॅटिकमध्ये वापरतात तेच पातळ लाल ऑइल, म्हणजे एटीएफ, भरतात. हे कोणालाच पटत नाही. मलाही पटले नव्हते, आणि मिस्त्रींच्या आग्रहाखातर भरलेले नव्वद नंबर आठवडाभराने काढावे लागले, कारण सकाळी गार असताना दुसरा गिअर पडतच नव्हता. भरण्याचे बूच बाजूला असते. खालचे बूच उघडण्याआधी हे बाजूचे बूच सुटते का ते पाहा, नाहीतर ऑइल काढून बसाल आणि भरता येणार नाही. भोकातून ऑइल ओघळू लागले की पातळी बरोबर आली.

क्लचची एअर, म्हणजे नळीत अडकलेली हवा, पेडल मारून निघता निघत नाही. ब्रेकच्या पुढच्या कॅलिपरच्या निपलपासून (हवा सोडण्याच्या बारीक तोंडापासून) स्लेव्ह सिलिंडरच्या निपलपर्यंत पारदर्शक नळी लावा, नळी आधी ऑइलने भरून घ्या, दोन्ही निपल उघडा आणि एकाने ब्रेकचे पेडल सावकाश दाबावे. ऑइल खालून वर चढते आणि हवा टाकीतून बाहेर जाते. पेडल सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी कॅलिपरचे निपल बंद करायचे, आणि टाकी ओसंडत नाही ना यावर तिसऱ्याने लक्ष ठेवायचे. दहा मिनिटांचे काम आहे. आम्ही त्याआधी सबंध दुपार पेडल मारण्यात घालवली होती.

## ११. चाचणी

पहिल्या दिवशी गाडी गावाबाहेर नेऊ नका. स्टँडवरच सगळे गिअर पाडून पाहा, मग अंगणात पुढे-मागे करा, मग उतरून गाडीखाली ऑइलचे थेंब शोधा. पुढचे ५०० किलोमीटर क्लच अर्धवट दाबून चढावर गाडी रोखून धरू नये. हँडब्रेक वापरावा. या काळात गिअरबॉक्सचे, माउंटिंगचे आणि प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.

त्यानंतरच घाटात जावे. मी साखरप्याहून आंबा घाट चढलो. जेथे पूर्वी इंजिनाचा आवाज वाढायचा आणि वेग मात्र वाढत नसे, तेथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत वर गेली. अश्वशक्ती तेवढीच होती, पण ती आता चाकांपर्यंत पोहोचत होती. उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिनाने गाडी धरून ठेवली आणि ब्रेक फारसे तापले नाहीत. सपाटीवर पोहोचल्यावर गाडी थांबवून क्लचचा जळका वास येतो का, टाकीतली ब्रेक ऑइलची पातळी उतरली का आणि बेल हाउसिंगच्या तळाशी ओल आहे का, या तीन गोष्टी पाहाव्यात.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर दर आठ-दहा दिवसांनी इंजिन सुरू करून क्लच दहा-बारा वेळा दाबून सोडा. दमट हवेत क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, मग पेडल खाली जाते पण गिअर पडत नाही. ब्रेक आणि क्लचचे सामाईक ऑइल किनाऱ्यावर दर वर्षी, पाऊस संपल्यावर, बदलत जावे.